सगळ्या तांड्याचा हात

थावराचा पाय कापावा लागंल, असं दोन दवाखान्यांनी सांगून झालं होतं. मोटरसायकलवरून पडून नडगीचं हाड मोडलं, त्यात सळई घातली, अन् तिथून पू सुरू झाला तो वर्ष उलटलं तरी थांबेना. हाड तर जुळायचं नावच घेईना. त्याची बायको पेमा पार खचली होती. पाय गेला तर हा माणूस जगायचा न्हाई, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

मग वसमतला डॉक्टर निताबाई भेटल्या. बाई बुटकी, तोंडानं फटकळ, पण हात काय हो तिचा! सळई काढली, सडलेलं हाड कापून टाकलं अन् वरचं चांगलं हाड मुद्दाम मोडलं. पायाभोवती लोखंडी कड्या बसवून तारांनी हाडाला जोडल्या. पेमाच्या हातात पाना देऊन म्हणाल्या, "हा नट दिवसातून चारदा, फक्त पाव फेरा. हाडाचा तुकडा हळूहळू खाली सरकेल, मागं नवं हाड भरून येईल."

नवं हाड उगवतं! पेमानं असलं काही जन्मात ऐकलं नव्हतं.

तांड्यावर आल्यावर बघायला ही गर्दी. तांड्याचे म्हातारे प्रमुख, नायक उत्तमसिंग, यांनी पाना उचलला. "लग्न असो, मयत असो, आपल्यात सगळ्यांचा हात लागतो. गाव करील ते राव काय करील!" अन् गरकन फेरा दिला. मग काय, जो आला त्यानं मायेनं एकेक फेरा दिला. पेमाचा जीव खालीवर होऊन राहिला होता, पण नायकापुढं तांड्याच्या सुनेनं बोलायचं कसं? तिनं पदर आणखी पुढं ओढला.

संध्याकाळी थावरा गुरासारखा ओरडला.

दवाखान्यात निताबाईंनी पायाचा एक्स-रे काढून बघितला. कोवळं हाड ताणून तुटायला आलं होतं. त्यांनी नट जरा जरा उलटा फिरवायला घेतला, रोज स्वतः. सोबत आलेल्या नायकाकडं वळून एवढंच म्हणाल्या, "पेरलेलं रोज उकरून बघता का हो?" नायकाची मान खाली. "आता तुमचं काम एकच. पेमाबाईशिवाय कुणी पान्याला शिवायचं नाही."

दुसरं कुणी असतं तर हाकलून दिलं असतं. या बाईनं चोराच्याच हाती किल्ल्या दिल्या, अन् चोरानं त्या जिवापाड सांभाळल्या. म्हातारा काठी घेऊन थावराच्या दारात बसायचा, सख्ख्या भावालाबी आत सोडायचा न्हाई.

कड्या निघाल्या त्या दिवशी दवाखान्याच्या अंगणात अख्खा तांडा लोटला. "उठा," निताबाई म्हणाल्या. थावरा उठला. डुगडुगला. झालं, नायक जुन्या सवयीनं दोन्ही हात पसरून धावले.

"नायकबाबा, हात न्हाई लावायचा!"

पेमाचाच आवाज होता. नायक जागच्या जागी थबकले. थावरा एक पाऊल चालला, दुसरं चालला, निताबाईंच्या पायाशी वाकला अन् कुणाचा आधार न घेता उभा राहिला.

पेमाला हुंदका आवरेना. डोळे पुसायला तिनं पदर चाचपला, तर तो कधीचाच खांद्यावर घसरला होता.