ज्या दारावरून आम्ही पुढे गेलो

या, जरा जवळ सरका. ढोल वाजवणारा अजून आलेला नाही, उपासनेला वेळ आहे. तोवर तुम्हांला एका दाराची गोष्ट सांगते. या गोष्टीत मी शहाणी नाही, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे तुम्ही मला हसलात तरी मी रुसायची नाही. पण शेवटपर्यंत ऐकाल तर मन भरून घरी जाल, हा माझा शब्द.

आमच्या वानझोलमध्ये आणि इथल्या डोंगरांवरच्या गावागावांत भात रांधायची एक रीत आहे. पातेल्यात तांदूळ ओतला की त्यातली एक मूठ परत काढायची, प्रभूचं नाव घ्यायचं आणि चुलीजवळच्या डब्यात टाकायची. ती मूठ त्याची. सकाळच्या भाताला एक, संध्याकाळच्या भाताला एक. घरात पाहुणे असोत की आजारपण, भांडण असो की बारसं, मूठ निघतेच. मग शनिवारी चर्चच्या मंडळीतल्या दोन बायका पाठीला टोपली लावून दारोदार जातात आणि ते डबे टोपलीत रिकामे करून घेतात. आमच्या चर्चचे खांब त्या तांदळावर उभे राहिले, असं माझी सासू सांगायची. त्या वर्षी टोपली माझ्याकडे आणि सियामीकडे होती. सियामी म्हणजे माझी शेजारीण. तिचं हसणं वरच्या आळीत सुरू झालं की खालच्या आळीत कळायचं, टोपली निघाली.

ते वर्ष बांबूला फुलं आली तेव्हाचं. बांबू फुलला की रानात त्याच्या बियांचा खच पडतो, त्या खाऊन उंदीर माजतात, आणि बिया संपल्या की उंदीर भातावर येतात. शुक्रवारी माझा नवरा उतारावरचं शेत बघून आला, म्हणाला, "पुढच्या आठवड्यात कापू." सोमवारी गेलो तर नुसते देठ उभे. एक लोंबी नाही. नवरा विळा हातात धरून मघाशी कुणी हाक मारली असावी तसा इकडेतिकडे बघत राहिला. मी रडलेसुद्धा नाही, इतकी कोरडी पडले.

गावात सगळ्यांचीच ती गत. लोक रानकंद उकरायला निघाले. सरकारी तांदूळ येणार, येणार म्हणत होते, तो अजून वाटेत होता.

आता पी कापझिंगीबद्दल सांगते. पी म्हणजे आमच्याकडे आजी. साठीच्या घरातली विधवा, गावाच्या खालच्या टोकाला एकटी राहायची. बाई काटकुळी, पण गळा असा की ती स्वर धरायची आणि सबंध मंडळी तिच्यामागून जायची. आमच्या उपा लिआनह्नुनांचा संदेश गाण्यातून चालायचा. मंडळीतल्या वडीलधाऱ्याला आम्ही उपा म्हणतो. चार वाक्यं बोलायचे, पाचवं सुरात उचलायचे, ढोल लागायचा, पी कापझिंगी बायकांच्या बाकावरून पुढची ओळ उचलायची आणि मग बघा! मला विचाराल तर नुसता बोललेला संदेश डोक्यापर्यंत पोचतो. गायलेला मात्र गुडघ्यांत उतरतो, माणूस आपोआप उभं राहतं.

त्या पावसाळ्यात पीचा एकुलता एक मुलगा ह्रांगदावला तापानं गेला. तीन दिवसांत. गावातल्या पोरांनी खड्डा खणला, आम्ही तिच्या घरी बसून गात राहिलो, आणि तिसऱ्या दिवशी तिनंच आमच्यात स्वर मिसळला. पुढच्या रविवारी ती बाकावर होती. हडकुळे हात मांडीवर, पण गळा तोच. मग उंदरांनी तिचंही शेत नेलं. त्याच्या पुढच्या रविवारीही ती आली आणि गायली.

आणि त्यानंतरच्या शनिवारी मी तो मूर्खपणा केला.

टोपली घेऊन आम्ही खालच्या आळीला वळलो, तेव्हा मी सियामीच्या कमरेला गुंडाळलेलं पुआन ओढलं. "ऐक, पीकडे नको थांबायला."

"का गं? चिडलीस होय तिच्यावर?"

"चिडू कशाला? पोर गेलं, शेत गेलं. तिच्या दारात टोपली घेऊन उभं राहायला लाज नाही वाटणार? ती बिचारी काय देणार?"

सियामीला पटलं. आम्ही पाय न वाजवता तिच्या दारावरून पुढे गेलो. मला वाटलं, केवढं मोठं दयेचं काम केलं! रात्री प्रार्थनेतसुद्धा सांगितलं देवाला, जसं काही त्याला दिसलं नसेल.

आता कबूल करते. त्या दिवसांत माझी स्वतःची मूठ बारीक झाली होती. तांदूळ काढताना बोटं घट्ट आवळायची म्हणजे कमी मावतो, हे मला न शिकवता जमलं होतं. पी कापझिंगी उपाशी असून डबा पुढे करते, हे मला बघवलं नसतं. तेव्हा दया तिच्यासाठी किती आणि सोय माझ्यासाठी किती, हे त्या प्रभूला ठाऊक.

दुसऱ्या शनिवारीही आम्ही तसंच केलं. तिसऱ्याही.

तिसऱ्या शनिवारनंतरच्या रविवारी पी बाकावर नव्हती. उपांनी ओळ उचलली, ढोल लागला, आणि पुढची ओळ कुणी धरेना. आम्ही बायका एकमेकींकडे बघत राहिलो. शेवटी सियामीनं उचलली, ती इतकी वरच्या पट्टीत की पुरुषांच्या बाकावर खोकले सुरू झाले.

"दुःख आहे," लोक म्हणाले. "आता बाहेर पडतंय."

सोमवारी पीची शेजारीण मला पाणवठ्यावर भेटली. म्हणाली, "झुआलीच्या आई, तिच्या छपरातून शनिवारपासून धूर निघालेला नाही. कंद नेऊन दिले तर तसेच पडलेत. भिंतीकडे तोंड करून निजते. काल मला म्हणते कशी, माझं झालं आता. त्या घरात आपण पुन्हा गायला जमणार बघ."

माझ्या हातातला हंडा जड झाला. पी मरायला टेकली होती. उपासानं मरते तसं नाही, ठरवून.

आदल्याच दिवशी, त्या रविवारी, उपा लिआनह्नुनांनी बायबलातल्या सारफथच्या विधवेचा संदेश घेतला होता. तुम्हांला माहीत आहे ती. मडक्यात मूठभर पीठ, कुपीत थेंबभर तेल. दुष्काळात ती काटक्या वेचत होती, एक भाकर करायची, आपण आणि पोरानं खायची आणि मरायचं, एवढाच बेत. संदेष्टा आला आणि म्हणतो काय, आधी माझ्यासाठी कर! तिनं केली, आणि दुष्काळ सरेपर्यंत तिचं पीठ संपलं नाही. उपांनी हे असं गायलं की ढोलवाल्याचे हात थांबले. "सबंध गाव सोडून तो तिच्याच दारी का उभा राहिला?" असं त्यांनी तीनदा वेगवेगळ्या सुरांत विचारलं. मी रडले. सियामी रडली. माझ्या पुआनचा काठ भिजला. आणि घरी येऊन मी होते तेवढीच मठ्ठ राहिले. इतकं सुंदर गायलेलं कानातून आत गेलं, पण माझ्यासाठीच होतं हे कळायला आणखी दोन दिवस लागले.

मंगळवारी सरकारी तांदूळ आला एकदाचा. मी आमच्या वाट्यातला पायलीभर बांधला आणि पीकडे गेले. दार लोटलेलं होतं. आत चुलीत राख, तीही थंड. ती निजूनच होती.

"पी, मी आलेय. झुआलीची आई."

"घ्यायला आलीस की द्यायला?"

"द्यायला, पी. तांदूळ आणलाय."

"मग तिथंच ठेव आणि जा."

"भात लावते ना थोडा."

"माझ्या चुलीला हात लावू नकोस!"

चार दिवसांची उपाशी बाई, पण आवाज असा की मी हात मागे घेतला. ती भिंतीला धरून उठून बसली. चुलीमागून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला आणि माझ्या पुढ्यात उपडा केला. त्यातून कंदाच्या चकत्या पडल्या. पातळ कापून उन्हात वाळवलेल्या, एकसारख्या.

"तांदूळ नव्हता," ती म्हणाली. "म्हणून जे शिजवायचे त्यातलं काढून ठेवलं. सकाळी एक मूठ, संध्याकाळी एक. विचार केला, पाळकांना चालेल, नाहीतर ते उकडून डुकरांना घालतील. ज्याला दिलंय त्याला तर चालतंय. शनिवारी दाराशी बसले. तुम्हा दोघींची पावलं मला ओळखू येतात. सियामीचं हसणं येत होतं, येत होतं, आणि माझ्या घराशी बंद झालं. मग चार घरं पुढे पुन्हा सुरू."

तिनं रिकामा डबा बाजूला सारला.

"पहिल्यांदा वाटलं, विसरल्या. दुसऱ्या वेळी दार उघडं ठेवून बसले. तिसऱ्या वेळी तू माझ्याकडे बघितलंस आणि मान खाली घातलीस. घातलीस की नाही?"

"घातली, पी."

"पोर गेलं तेव्हा मी म्हटलं, प्रभू, तू दिलंस, तू नेलंस. शेत गेलं तेव्हा म्हटलं, अजून तुला द्यायला माझ्याकडे मूठ आहे. त्या मुठीवर मी उठत होते गं सकाळी. चूल पेटवायची कशाला, तर त्याची मूठ काढायची म्हणून. तुम्ही दोघींनी ठरवलंत की म्हातारीकडे देण्यासारखं काही उरलं नाही. मग मीही म्हटलं, नसेलच उरलं."

तेव्हा कुठे उपांचा तो सूर माझ्या डोक्यात वाजला. तो तिच्याच दारी का उभा राहिला! आणि मी? मी पाय न वाजवता पुढे गेले होते.

मी तिच्यापुढे जमिनीवर बसले. "चुकले, पी. आत्ता घेते मी. हे सगळं गोळा करून नेते." आणि चकत्या भराभर वेचायला लागले.

तिनं माझ्या हातावर चापट मारली. चांगली लागली!

"आज मंगळवार आहे. चोरून नेतेस काय? शनिवारी या. दोघी या. टोपली घेऊन या. दारात उभं राहून हाक मारा, सगळ्यांच्या दारात मारता तशी."

"येतो, पी. पण तोवर तू जेवशील ना?"

तिनं तांदळाच्या गाठोड्याकडे बघितलं. म्हणाली, "शनिवारपर्यंत मूठ काढायची तर काहीतरी शिजवावं लागेलच की. मेले तर तुम्हांला कोण देणार? ठेव तो तांदूळ. आणि झुआलीच्या आई, लाकडं घे त्या कोपऱ्यातली. माझ्यानं वाकवत नाही."

मी जाळ केला. तिनं पातेल्यात तांदूळ ओतला, त्यातली एक मूठ काढली, डोळे मिटले. तिची मूठ माझ्या मुठीच्या दुप्पट होती. घरी जाऊन मी पहिल्यांदा आमचा डबा उघडला आणि महिनाभर चोरलेलं सगळं त्यात परत घातलं.

शनिवारी आम्ही गेलो. मी सियामीला सांगितलं होतं, खालच्या आळीत शिरलीस की हसायला लाग. पण बोलावून हसू येतं होय? ती घशातून काहीतरी विचित्र आवाज काढत चालली होती. दारात उभ्या राहून हाक मारली, "मूठ घ्यायला आलोय!"

"बकरी आणलीय का बरोबर?" आतून आवाज आला.

मग मात्र सियामी खरीखुरी हसली, पार वरच्या आळीपर्यंत ऐकू जाईल एवढी. पी डबा घेऊन बाहेर आली. न्हालेली, केस विंचरलेले, चर्चला नेसायचं पुआन नेसलेली. तिनं डबा टोपलीत रिकामा केला. वर चार दिवसांचा तांदूळ, खाली कंदाच्या चकत्या. आम्ही दारातच उभ्या राहून प्रार्थना केली. मला शब्द सुचेनात, तर तिनंच केली. स्वतःसाठी तिनं काही मागितलं नाही. आमच्या दोघींच्या शेताचं नाव घेतलं, माझ्या नवऱ्याचं घेतलं, आणि आभार मानले. कशाबद्दल माहीत आहे? "तू आज माझ्या दारात थांबलास त्याबद्दल."

रविवारी उपांनी ओळ उचलली आणि तिच्या बाकावरून पुढची ओळ आली. गळा जरा फाटला होता. ढोल चुकला, कारण ढोलवाला डोळे पुसत होता. सबंध मंडळी उठून उभी राहिली. माझं रिकामं शेत तिथंच उतारावर होतं, घरात तांदूळ मोजकाच होता, पण इतकं भरलेलं वाटणं मला त्याआधी ठाऊक नव्हतं. आभार मानावेत तर कुठून सुरुवात करावी? पुढच्या वर्षी आम्ही पेरलं, आणि त्याच्या पुढच्या वर्षी पोटभर पिकलं. त्या दोन वर्षांत मी कैकदा खचले. पण सकाळी उठून आधी त्याची मूठ काढायची, मग पुढचं बघायचं, हे मी त्या म्हातारीकडून शिकले, आणि अजून त्यावरच चाललेय.

पी आता खूप थकली आहे. गेल्या महिन्यापासून अंथरुणाला खिळून आहे, बोललेलं कळतं पण उठवत नाही. तुम्ही इथून घरी जाल, प्रार्थनेला बसाल, तेव्हा एवढं करा, तिचं नाव घ्या. कापझिंगी, गाव वानझोल, खालची आळी, टोकाचं घर. देवाला पत्ता माहीत आहे, पण तुम्हांलाही असू द्या.