उद्या, देवाला वगळून

आम्हा स्पॅनिश बोलणाऱ्यांचं भविष्यकाळाशी कधी जमलंच नाही. 'उद्या येते' म्हणतो आणि मोकळे होतो. येते काय, जाते काय, सगळं वर्तमानकाळातच उरकतो. इंग्रजीला ते चालत नाही. तिथे तिकीट काढून झालं असेल तरच 'येतेय' म्हणायचं, नुसतं मनात ठरवलं असेल तर त्याचं रूप वेगळं, आणि शब्द द्यायचा असेल तर 'विल'. सान साल्वादोरमध्ये चपलांच्या दुकानावरच्या खोलीत मी हे रोज फळ्यावर लिहिते आणि रोज पुसते. कॉल सेंटरात नोकरी हवी असलेले लोक माझ्याकडे शिकायला येतात.

माझं इंग्रजी चांगलं आहे. असणारच, अर्धं आयुष्य ह्यूस्टनमध्ये गेलं. मग एक दिवस कागद नाहीत म्हणून तिथल्या सरकारने उचललं आणि विमानात बसवून इथे आणून सोडलं. मुलगी तिकडेच राहिली, तिच्या आत्याकडे. सुरुवातीला मी खूप रडले. नंतर कोणीतरी नळ बंद करावा तसं ते थांबलं, आणि तेव्हापासून मला फारसं काही वाटत नाही. भूक लागली की जेवते, वेळ झाली की वर्गावर जाते.

त्या आठवड्यात माझी खडाखडी चालली होती ती दोन्या एदुविहेसशी. दोन्या म्हणजे आमच्याकडे मोठ्या बाईला मानाने लावायचा शब्द. पन्नाशीची बाई, मेरीलँडमध्ये हॉटेलच्या स्वयंपाकघरात राबलेली, माझ्यासारखीच परत धाडलेली. इंग्रजी तिला सगळं समजायचं, तरी मुलाखतीत नापास. विचारलं होतं, नाताळच्या आदल्या रात्री कामावर याल का? बाई म्हणाली, "येईन, देवाची इच्छा असली तर." झालं! मुलाखत घेणारं पोरगं परदेशी, त्याला काय कळणार? त्याने लिहून टाकलं की या बाईंचं काही नक्की नाही.

आमच्याकडे उद्याचं काहीही बोललं की शेवटी 'प्रिमेरो दिओस' म्हणतातच. आधी देव, मग आपण. कोपऱ्यावर भाजी आणायला निघालेला माणूससुद्धा म्हणतो. न म्हणणारा एकतर उर्मट, नाहीतर थापाड्या.

मी वर्गात त्यावर बंदी घातली. जो म्हणेल त्याने दुसऱ्या दिवशी सगळ्यांसाठी सेमिता आणायची, म्हणजे अननसाचा मुरंबा भरलेला गोड पाव, तोही ताजा.

"टीचर, पाप लागेल हो," दोन्या एदुविहेस म्हणाल्या.

"लागू दे. म्हणा, मी येईन."

"मी येईन." त्यांनी ओठ घट्ट मिटले. पुढचे दोन शब्द अगदी दाताशी आले होते.

"बघा, जमलं की."

"डोंबलाचं जमलं! देवाला वगळून नुसतं 'येईन' कोण म्हणतं, माहितेय? ज्याला यायचं नसतं तो."

"दोन्या, देवाला नोकरी नकोय. तुम्हाला हवीय."

"तुमच्या जिभेला काही हाड?" त्या म्हणाल्या आणि वर्ग हसला. मीही हसल्यासारखं केलं.

रविवारी डाफ्नेचा फोन आला. माझी मुलगी. ऑगस्टमध्ये पंधरावं पूर्ण होणार, म्हणजे आमच्यातला मोठा सोहळा. चर्च, झगा, नाच, आणि सगळ्यांसमोर आईने मुलीच्या डोक्यावर मुकुट ठेवायचा. डाफ्ने आता माझ्याशी इंग्रजीतच बोलते. स्पॅनिशमधलं एक 'मम्मी' तेवढं राहिलंय.

मला तिकडे जायला दहा वर्षांची बंदी आहे. वकिलाने स्पष्ट सांगितलंय, काही होणार नाही. डाफ्नेला मी हे कधी सांगितलं नाही. दर नाताळला ती विचारायची, येशील का, आणि मी म्हणायचे, येईन, प्रिमेरो दिओस. ते खोटं नव्हतं. मी फक्त ओझं देवाच्या दारात ठेवून द्यायचे, आणि तीही उचलून बघायची नाही.

"मम्मी, शनिवारी तालीम आहे," ती म्हणाली. "मुकुट घालायला आत्या उभी राहते म्हणतेय. मी म्हटलं, थांब, मम्मीला विचारते. तू येणार असशील तर मी तिथे कोणालाच उभं करणार नाही. खरं सांग. येशील?"

नाही म्हटलं तर माझी जागा गेली. हो म्हटलं तर ऑगस्टमध्ये भरल्या चर्चमध्ये माझी पोर मुकुटाची वाट बघत उभी राहणार. एवढं सगळं मला फोन कानाला असतानाच कळत होतं. तरी उचलली जीभ, लावली टाळ्याला.

"मी येईन," मी म्हणाले. वर्गात शिकवते तसं, स्वच्छ आणि ठाम.



"तू ते म्हणाली नाहीस," ती म्हणाली. स्पॅनिशमध्ये म्हणाली. किती दिवसांनी ऐकलं मी तिचं स्पॅनिश! गंजलं होतं.

"काय म्हणाले नाही?"

"प्रिमेरो दिओस. नेहमी म्हणतेस."

आता म्हणून टाकावं, असं मनात आलं. तोंड उघडेना.

"म्हणजे येणार नाहीस."

"नाही," मी म्हणाले. "मला येऊ देणार नाहीत, बाळा. अजून कितीतरी वर्षं देणार नाहीत."

"आत्याला माहीत होतं?"

"होतं."

ती रडत होती. शेजारच्या घरातल्या बातम्या ऐकाव्यात तसं मी ते ऐकत राहिले. आता आत काहीतरी हलेल म्हणून वाट बघितली. काही हललं नाही. स्वतःच्या पोरीचं रडणं आहे, मेले, असंही स्वतःला म्हणून पाहिलं.

"मग आत्याच उभी राहील," शेवटी ती म्हणाली.

"राहू दे. तिला सांग, पिना आतून लाव. तुझे केस फार निसटतात."

"सांगते." तिने नाक पुसलं. "मुकुटाच्या वेळी मी समोरच्या बाकावर फोन लावून ठेवीन. तू उचलशील?"

"उचलीन."

ती थांबली. फोन ठेवेना, बोलेनाही. नुसता श्वास ऐकू येत होता. ती कशासाठी थांबलीय ते मला उशिराच कळलं.

"उचलीन," मी म्हणाले. "प्रिमेरो दिओस."

"ओके," ती इंग्रजीत म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

सोमवारी मी वर्गात सेमिता घेऊन गेले. दोन्या एदुविहेसनी टाळीच वाजवली.

"अगं बाई! कोण सापडलं?"

"मी."

वर्ग खदखदून हसला. "टीचरच! आणि कोणाला म्हणालात?"

"मुलीला."

"असं मोठं काय कबूल केलंत?"

"फोन उचलीन म्हणून."

दोन्यांचं हसू ओसरलं.  त्यांनी सेमिता मोडून मोठा तुकडा माझ्या हातावर ठेवला.

"मग त्यात दंड कसला, पोरी?" त्या म्हणाल्या. पहिल्यांदाच टीचर म्हणाल्या नाहीत.

मी पटकन फळ्याकडे वळले. भविष्यकाळ लिहायचा होता, पण खडू कुठे टेकवतेय तेच दिसेना. कपाळ माझं, इतक्या वर्षांनी नळ सुटला, तोही भर वर्गात.