टाकीतला भंडारा

सोलापुरात नळाला पाणी येतं चार-पाच दिवसांआड, आणि आमच्या घरात समुद्र आहे. हे वाक्य माझं नाही, माझ्या बायकोचं आहे. रेश्मा मोहोळची. येणाऱ्या प्रत्येकाला ती हे ऐकवते आणि वर विचारते, "चहा घेणार का खारं पाणी?" मी ऐकून घेतो. माझा राग साऱ्या गल्लीला माहीत आहे, पण रेश्मापुढे तो चालत नाही.

समुद्र म्हणजे काय, तर बाहेरच्या खोलीतली काचेची टाकी. त्यात खडक रचलेले, पाणी मीठ मोजून घालून खारं केलेलं, आणि दोन केशरी मासे. मी एसी-फ्रिज दुरुस्त करतो. दुसऱ्या कुणी सोलापूरच्या उन्हाळ्यात समुद्र गार ठेवायचा म्हटला असता, तर मीच त्याला वेड्यात काढलं असतं. पण भंगारातल्या वॉटर कूलरचा कॉम्प्रेसर मी स्वतः टाकीला जोडला आणि बाहेर पत्रा तापून लाल झाला तरी आत पाणी थंड ठेवलं. पाणी मुरायला काही महिने गेले. त्या मुरलेल्या पाण्यात मला पोवळी लावायची होती. पोवळं दिसायला फूल, पण असतो तो जीवच. दगडाला चिकटून राहतो, उघडतो आणि मिटतो. टाकीचा सगळा खटाटोप मी त्याच्यासाठीच केला होता.

आणि खरं सांगायचं तर आईसाठी.

आई, केराबाई, दिवाळीनंतर आमच्याकडे आली. आम्ही सांगोल्याच्या पलीकडचे धनगर. मेंढरं माझ्या धाकट्या भावाकडे, गुंडाकडे होती. त्याची पोरं पुण्यात नोकरीला लागली, मागे फिरणारं कुणी उरलं नाही, आणि त्याने कळप विकला. तोही पोरांकडे गेला. गावचं घर कुलपात गेलं आणि आई माझ्याकडे आली. दारात पाय ठेवतानाच म्हणाली, "चार दिस ऱ्हाते, मग मला घरी सोड." तिची कापडी पिशवी दारामागच्या खिळ्याला लटकली ती लटकलीच. लुगडीसुद्धा तिने कपाटात ठेवली नाहीत. रोज पिशवीतून काढायची, धुऊन वाळवून पिशवीत घालायची. गावात तिच्या हाकेला ओ देणारं कुणी नव्हतं. मागच्या पावसाळ्यात, गुंडा मेंढरांमागे असताना, ती परसात पाय घसरून पडली, तर शेजारच्या शिवलीलाला कळेपर्यंत अर्धा दिवस तशीच पडून होती. तिला त्या कुलपातल्या घरात एकटं सोडायला मी तयार नव्हतो. पण तिला तसं सांगायला गेलं की ती म्हणायची, "मी काय पावनी हाय का चोर हाय, मला कोंडून ठिवायला?"

घरात ती एकाच ठिकाणी रमायची, टाकीपुढे. पहिल्यांदा झाकण उघडलं तेव्हा तिने वास घेतला आणि म्हणाली, "कोकणचा वास येतुय की रं."

एका दुकानातल्या अशाच टाकीपाशी तो मलाही आला होता, म्हणून तर हा नाद लागला. मी लहान असताना दसरा झाला की आमचा वाडा कोकणात उतरायचा. वाडा म्हणजे घर नव्हे. मेंढरं, घोडं, कुत्री आणि पाठीवर संसार, याला आम्ही वाडा म्हणतो. घाट उतरायचा, भात निघालेल्या शेतात मेंढरं बसवायची, आणि लेंडीखताच्या बदल्यात शेतकऱ्याकडून भात घ्यायचं. एकदा असाच वाडा समुद्राच्या जवळ बसला होता आणि एक कोकरू चुकलं. आई मला घेऊन शोधायला निघाली. सुरूच्या झाडांतून पलीकडे गेलो तर समोर काळे खडक, आणि ओहोटीने खडकांत पाण्याची डबकी मागे राहिलेली. एका डबक्यात बटणाएवढी फुलं होती. मातकट, मध्ये हिरवी, कडेला झालर. आईने पायाच्या अंगठ्याने एकाला शिवलं आणि ते मिटलं. शेजारचं मिटलं, त्याच्या शेजारचं मिटलं.

"आये, मेली काय?" मी विचारलं.

"न्हाय रं. वळख न्हाय त्यास्नी आपली. गप बस, उघडत्यात."

आम्ही दोघं खडकावर पालथे पडून वाट बघत राहिलो. फुलं एक-एक करून उघडली. तोवर भरती पायाला लागली होती. आई लुगडं भिजवून घेत, खो-खो हसत उठली. तिला तसं हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं, नंतरही फारसं पाहिलं नाही. कोकरू आपल्या पायाने वाड्यावर येऊन बसलं होतं, आणि बाप, सिद्धराम, आमच्या नावाने शंख करत होता. त्याच्या शिव्या मी विसरलो, पण आईचं ते हसणं विसरलो नाही.

तर तीच फुलं मला हवी होती. पुण्यात एकजण घरच्या टाकीत वाढवतो, समुद्रातून ओरबाडून आणत नाही. त्याने दोन खडे पाठवले. थर्मोकोलच्या डब्यात पाण्याच्या पिशव्या, पिशवीत खडा, खड्यावर मिटलेल्या कळ्यांचा झुबका. सकाळी स्टँडवरून डबा आणला तेव्हा आई दारातच उभी होती.

"काय आणलंस?"

"कोकणातली फुलं, आये. डबक्यातली. आठवतंय का?"

ती बघतच राहिली. मग हळूच म्हणाली, "कोकरू चुकलंतं तवाची?"

आठवत होतं तिला. मला भरून आलं, म्हणून मी उगाचच रेश्मावर ओरडलो, की प्लॅस्टिकची पाटी कुठे ठेवलीय.

पोवळं आणलं की लगेच टाकीत सोडत नाहीत. पिशवी बंद ठेवून आधी पाण्यावर तरंगवायची, म्हणजे गारवा सारखा होतो. मग पाटीत ओतून टाकीतलं पाणी बारीक नळीने थेंब-थेंब सोडायचं, म्हणजे त्याला नव्या पाण्याची सवय होते. शेवटी टाकीत ठेवायचं, तेही तळाला, कोपऱ्यात, जिथे दिव्याचा मारा कमी. आईने हे सगळं बघितलं आणि पहिल्यांदाच माझ्या कामाला मान डोलावली.

"बराबर करतुयास. नवं मेंढरू आणलं की आमी बी थेट कळपात घालत न्हाय. वाघरंच्या भाईर बांधायचं, वास घिऊ द्यायचा. मग आत."

वाघर म्हणजे कळपाभोवती लावतात ती जाळी. मी हसलो. म्हटलं, माझा सगळा अभ्यास मोबाइलवर झाला, आणि आई तो मेंढरांच्या मागे करून मोकळी.

दोन्ही खडे तळाला ठेवले आणि हात धुवायला आत गेलो. तिथेच चुकलो. मेंढरू वाघरीच्या आत आलं की आमच्यात पुढे काय करतात, ते मला ठाऊक होतं की!

बाहेर आलो तर झाकण उघडं, आई टाकीपुढे उभी, हाताची बोटं पिवळी. पाण्यावर हळद पसरत होती. मोटरीने ती ओढली, फेकली, आणि बघता-बघता सगळा समुद्र पिवळट झाला. मासे खडकामागे पळाले. आईने भंडारा टाकला होता. नवं जनावर आपलं झालं म्हणून त्याच्या कपाळाला लावतात तो. इथे कपाळ सापडेना, म्हणून तिने चिमूट वरूनच सोडली.

माझं डोकं फिरलं. "आये! मेंढरू हाय व्हय हे? मरंल की हळदीनं! एवढ्या महिन्यांची मेहनत पाण्यात घातलीस!"

"पाण्यातच हाय की ती," रेश्मा आतून म्हणाली. एरवी मी हसलो असतो.

"सारखं घरी सोड, घरी सोड म्हंतीस न्हवं? उद्या सोडतो! जा, बस कुलूप उघडून!"

आईने पदराला हात पुसले. रडली नाही. म्हणाली, "सोड. पर उद्या न्हाय. भंडारा म्या लावलाय. ज्यानं लावला त्यानं जनावर चरायला लागंस्तवर वाडा सोडायचा नसतुय. ही फुलं उघडली की मी जाते."

मी पाणी बदललं. वर्षाचं मीठ त्या दिवसात संपवलं, पाण्यातली घाण शोषून घेणारा कोळसा घातला, मोटरीच्या गाळणीचा कापूस पुन्हा-पुन्हा धुतला. संध्याकाळी पाणी निवळलं. फुलं मात्र घट्ट मिटलेली राहिली.

दुसऱ्या दिवशी मिटलेली. तिसऱ्या दिवशीही तसंच. आई टाकीपुढे प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसायची. जेवणाचं ताटही तिथेच. दुधात भाकरी कुस्करत फुलांशी बोलायची, "खावा गं बायांनो, का उपाशी मरताय?" मी कामावरून आलो की शेजारी स्टूल ओढायचो. माफी मागणं मला जमत नाही, शेजारी बसणं जमतं. मग तिला आठवत जायचं. कुठल्या गावाला भात चांगलं मिळायचं, कुठली बामणीण पोरांना गूळ द्यायची, घाटात घोडं कसं अडलं होतं. बाप तिला लाडाने काय म्हणायचा, हे मला पन्नाशीत आल्यावर कळलं. ते मी इथे सांगणार नाही. रेश्मा चहा आणायची आणि तीही जमिनीवर फतकल मारून बसायची. टाकी आल्यापासून तिने एवढा वेळ समुद्राला कधी दिला नव्हता.

आणि मग माझ्या लक्षात आलं की, फुलं उघडू नयेत असं मला वाटायला लागलंय.

ज्या गोष्टीसाठी एवढा आटापिटा केला, तीच नको झाली होती. फुलं उघडली की आई पिशवी घेणार. तिचा शब्द म्हणजे शब्द. एकदा कोपऱ्यातल्या खड्यावर मला झालर हलल्यासारखी वाटली. मी काय केलं, तर टाकीचा दिवा बारीक केला. पोवळ्याला उजेड लागतो. उजेड कमी, तर उघडणं कमी.

"दिवा का हो मंद?" रेश्माने विचारलं.

"त्रास होतो त्यांना. आजारी आहेत."

तिने माझ्याकडे बघितलं, आईकडे बघितलं आणि चहा ठेवायला आत गेली. तिला कळलं असणार.

रविवारी दुपारी मी टाकीजवळ सतरंजीवर डोळा लागून पडलो होतो. जागा झालो तो डोळ्यांवर उजेड आला म्हणून. दिवा पूर्ण लावलेला होता, आणि आई बटणाजवळ उभी होती.

"अंदारात जनावर चरतंय व्हय रं?" ती म्हणाली. "एवढं कळंना तुला? का कळून केलंस?"

मी उठून बसलो. ती खुर्चीत बसली, मी तिच्या पायाशी. खडकावर पालथं पडायचं वय दोघांचंही उरलं नव्हतं. मोटर घरघरत होती, मासे वर-खाली करत होते. मग एका कळीची कड सुटली. झालर दिसली. मध्ये हिरवं. शेजारची उघडली, तिच्या शेजारची उघडली, आणि बघता-बघता अख्खा खडा फुलला, मग दुसराही. अगदी तीच फुलं, मातकट, बटणाएवढी.

आई हसली. खो-खो नाही. दात नसलेल्या तोंडाने, आवाज न करता, पण खांदे हलेपर्यंत हसली.

"चरायला लागली," ती म्हणाली.

मग उठली आणि गुडघ्यावर हात देत दारामागे गेली. खिळ्यावरची पिशवी काढली. आये, जाऊ नको, एवढे तीन शब्द, पण तोंडातून निघेनात. माझा राग जगाला ऐकू जातो आणि हे असं काही असलं की आवाजच बसतो. रेश्मा स्वयंपाकघराच्या दारात ओले हात घेऊन थांबली होती.

आईने पिशवीत हात घालून भंडाऱ्याची पुरचुंडी काढली. पिशवी माझ्या मांडीवर टाकली. "ही लुगडी कपाटात ठिव."

मला काही समजेना. ती पुन्हा खुर्चीत बसली, पुरचुंडी सोडून माझ्यापुढे धरली आणि डोक्यावरचा पदर मागे सारला.

"लाव."

"काय लाव?"

"त्या फुलांस्नी लावला, त्यांचं नशीब. मला आणलंस तवा लावलाच न्हाईस की रं, जोत्या. तुजा वाडा. लावायचा तूच. म्या किती दिस वाट बगायची?"

मी चिमूट घेतली. थोडी हळद तिच्या लुगड्यावर सांडली. तिच्या सुरकुतलेल्या कपाळाला भंडारा लावला आणि मला रडू आवरेना.

"रडतुयास काय?" आई म्हणाली. "आता सुट्टी टाक. ज्यानं लावला त्यानं वाडा सोडायचा नसतुय."