मनगटातून निघालेला काटा

काशीमीऱ्याला हायवेलगतच्या गॅरेजवर जो हॉल आहे, तिथे त्या गुरुवारी पाय ठेवायला जागा नव्हती. सूक्ष्मानंद महाराज कातडी न फाडता ऑपरेशन करत होते. मोबाइल धरून वर केलेल्या हातांमुळे मागच्यांना काहीच दिसत नव्हतं, त्यामुळे तेच जास्त रंगवून सांगत होते.

गिरिजा मात्र अगदी पुढे होती, चौदा वर्षांच्या समिधाला धरून. कबड्डीत पडल्यापासून लेकीचं मनगट वळवलं की कळ यायची. डॉ. नेत्रा म्हणाल्या होत्या, "आतली गादी फाटलीय. दोन बारीक छिद्रं पाडून दुर्बिणीतून शिवू. शनिवारी या. लांबवलं तर मनगट अधू राहील." छिद्रांचं गिरिजाला काही वाटलं नव्हतं. पूर्ण भूल द्यायची म्हटल्यावर मात्र ती घाबरली. पोर झोपली आणि उठलीच नाही तर? डॉक्टरांना हे विचारायची तिला लाज वाटली. तिने सासूला, कमळाबाईला विचारलं, आणि कमळाबाई दोघींना इथे घेऊन आली.

"डॉक्टर दो छेद करणार ना?" महाराज माइकवर म्हणाले. "हम एक भी नहीं. त्यांचा कॅमेरा आत घालावा लागतो, आमचा वर बसलाय. लाइट बिलपण येत नाही."

टाळ्या पडल्या. महाराजांनी भगव्या फडक्यात गुंडाळलेल्या बाटलीतून 'हिमालयाचा श्वास' मनगटावर फुस्सकन सोडला. लाल पाण्यात बुडवलेला कापूस वर दाबला, डोळे पांढरे केले आणि चिमटीने एक पारदर्शक, रक्ताळलेली पट्टी बाहेर ओढली.

"ही फाटलेली गादी. बेटी, हाथ घुमा."

समिधाने जपून मनगट वळवलं. "आये, दुखत न्हाय."

गिरिजाला रडू आवरेना. महाराजांनी पट्टी तिच्या तळहातावर ठेवली. "दर्शन घे. मग पुडीत बांधून खाडीत सोड. पुडी उघडायची नाही. और शनिवारका ऑपरेशन कॅन्सल."

इथे महाराज चुकले. टॉवरमधल्या एखाद्या बाईला हे खपलं असतं. गिरिजा जुन्या भाईंदरच्या कोळ्यांची, मासळी साफ करण्यात हयात गेलेली. तिचा अंगठा सवयीने पट्टीवरून फिरला. मधोमध बारीक कणा, एका टोकाला निमुळती. माकुल, म्हणजे स्क्विड, साफ करताना आतून ओढून काढतात तो काटा. तिला कळलं, आणि तरी तिने पट्टी पुडीत बांधली. लेकीचं दुखणं थांबलं होतं, ते खोटं ठरवायला तिचं मन होईना.

दाराशी चप्पल घालताना समिधाने भिंतीला हात टेकला आणि कळवळली.

"परत दुखतंय. आये, तसला स्प्रे आमच्या सरांकडे पण असतो. मॅचमध्ये मारतात. थोडा वेळ बधिर होतं."

"मंग मघाशी बोलली का न्हाय?"

"तू रडत होतीस. तुला बरं वाटलेलं."

गिरिजाने पुडी उघडून सासूपुढे धरली. "आई, बघा जरा. काय हाय?"

कमळाबाईने पट्टी पदराला पुसली, उजेडात धरली आणि बाजारात कमावलेल्या आवाजात म्हणाली, "माकुलाचा काटा."

हॉलभर कुजबुज उठली. महाराज कडाडले, "श्रद्धा नहीं, तो दर्द लौटेगा ही."

"श्रद्धा ऱ्हाऊ द्या," गिरिजा म्हणाली. "डब्यातला दुसरा कापूस झटकून दाखवा, त्यातबी काटा हाय का बघू."

महाराजांनी कापसाचा डबा पायाने मागे सारला. रांगेतल्या एका बाईने प्लास्टर घातलेल्या मुलाला उचललं आणि ती निघाली. काहीजण तरीही हात जोडून बसले, त्यांना विश्वास ठेवायची काय घाई होती देव जाणे. लोकहो, हात जोडायच्या आधी कापूस तपासा. ज्याला तपासणी सोसत नाही, त्याच्या हाती आपलं पोर देऊ नका.

रस्त्यावर ट्रकांच्या गोंगाटात गिरिजाने फोन लावला. "मॅडम, शनिवारी आणतेय तिला. पण मला भुलीची भीती वाटते. पोर उठेल ना?"

"उद्याच या," डॉ. नेत्रा म्हणाल्या. "भूल देणाऱ्या डॉक्टरांशी बोला, हवं ते विचारा. धोका फार कमी असतो. पण अजिबात नाही, असं मी सांगणार नाही."

धोका अजिबात नाही, असं ऐकायला गिरिजाला किती बरं वाटलं असतं. पण तसं सांगणारा वर हॉलमध्ये बसला होता.

"उद्या येते," ती म्हणाली.