मनगटावरची गोगलगाय

मित्रांनो, माझं तोंड काळं आहे म्हणून बिचकू नका. मन साफ आहे माझं. मी एक जुना शिक्का आहे. वर लाकडाची मूठ, खाली रबराचं तोंड आणि त्या तोंडावर कोरलेली एक गोगलगाय. पाठीवर शंख, शिंगं बाहेर, स्वारी निघाली आहे फिरायला. तिचं एक शिंग आता झिजलंय. वयच झालं, त्याला कोण काय करणार?

एका अरुंद गल्लीतल्या शिक्केवाल्याच्या दुकानात मी जन्मलो. माझी भावंडं मोठी रुबाबदार होती. एकाच्या तोंडी ‘रद्द’, दुसऱ्याच्या तोंडी ‘नामंजूर’, तिसऱ्याच्या तोंडी ‘मुदत संपली’. ती सगळी कचेऱ्यांत गेली आणि लोकांना नाही म्हणण्याच्या कामाला लागली. मला मात्र एका नाइट क्लबच्या मालकाने करवून घेतलं होतं. "चित्र कुठलंही चालेल, फक्त कुणाला नक्कल करता येऊ नये," एवढंच तो सांगून गेला. त्या सकाळी दुकानाच्या खिडकीवर एक गोगलगाय चढत होती. शिक्केवाल्याने तीच कोरली. मालकाने ती पाहून कपाळावर हात मारला.

"अहो, लोक माझ्याकडे नाचायला येतात, आणि तुम्ही गोगलगाय कोरता?"

"येताना उड्या मारत येतील," शिक्केवाला म्हणाला. "घरी जाताना याच चालीने जातील की नाही, बघा तुम्ही."

मालक खो खो हसला आणि मी नोकरीला लागलो.

आमच्या क्लबचं नाव ‘तळघर’. गादीच्या दुकानाखाली होता तो. वर झोपेची दुकानदारी आणि खाली जागरणाची, असा सगळा मामला! जिना उतरलं की दार, दाराशी टेबल, टेबलामागे जाड पडदा आणि पडद्यापलीकडे नाचाचा हॉल. टेबलापाशी पडद्याकडे पाठ करून मावशी उभी असायची. तिला सगळेच मावशी म्हणत, तिच्याहून वयाने मोठी माणसंसुद्धा. नवरा लवकर गेलेला, पदरात एक लहान मुलगी. तिकीट बघायचं, कोट अडकवून ठेवायचे आणि मनगटाच्या आतल्या बाजूला मला टेकवायचं, हे तिचं काम. ज्याच्या हातावर गोगलगाय, त्याने गार वारा खायला कितीदाही बाहेर जावं, दार त्याला उघडं. शिक्का मारताना ती प्रत्येकाला न चुकता सांगायची, "शिक्का आहे तोवर परत यायचं."

मित्रांनो, मनगटाच्या आतल्या बाजूला काय असतं, ठाऊक आहे ना? तिथे नाडी असते. माझ्यासारखा भाग्यवान शिक्का दुसरा नसेल. अख्ख्या शहराची नाडी मी ऐकली आहे! पाव भाजणारा यायचा, दिवसभर भट्टीपुढे उभा राहून पेंगुळलेला. नर्स यायची, तिच्या हाताला औषधाचा वास. वकीलबाई यायच्या, हमाल यायचे. आत जाताना त्यांच्या नाड्या कशा संथ, दमलेल्या, ओझं वाहिल्यासारख्या चालायच्या. मग घामाने गोगलगाय पुसली गेली की तीच माणसं नवी मारून घ्यायला पडद्याबाहेर यायची, आणि काय सांगू तुम्हाला, त्या नाड्या पळत असायच्या! मी दर वेळी थक्क व्हायचो. त्या पडद्यामागे असं काय आहे, जे माणसाला तासाभरात नवं करून पाठवतं? मला कधी आत नेलंच नाही कुणी. काम संपलं की माझी रवानगी टेबलाच्या खणात. मला फक्त ठेका ऐकू यायचा, धम्म धम्म, आणि टेबल थरथरायचं. मी मनाशी धरून चाललो होतो की आत आभाळाएवढी जागा असणार.

आणि गंमत पुढेच. या शहरात तेव्हा असे कितीतरी क्लब होते आणि प्रत्येकाचा शिक्का वेगळा. आम्ही शिक्के एकमेकांना कधी भेटलो नाही, पण मनगटांवर आमची रोज गाठ पडायची. चांदणी म्हणजे सिनेमाघराच्या गच्चीवरचा क्लब. तिथे खऱ्या चांदण्यांखाली नाचत. मासा म्हणजे धक्क्याजवळचा, तिथली जमीन कायम ओली. किल्ली म्हणजे पियानोचा क्लब. तो पियानो एक आजीबाई वाजवायच्या आणि कुणी ताल चुकला तर वाजवता वाजवताच त्याला डोळे वटारायच्या. कुणी तिन्हीकडे हजेरी लावून आमच्याकडे आला, की त्याच्या मनगटावर जागा शोधता शोधता मावशी म्हणायची, "अहो, गोगलगाय कुठे बसवू? हात आहे की पोस्टाचं पाकीट?"

दुसऱ्या दिवशी शाई जात नसे, त्याची मजा आणखी वेगळी. आमच्याकडे एक गणिताचे मास्तर यायचे. शाळेत अगदी कडक, त्यामुळे भर उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचा सदरा. त्यांच्या मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, "उकडत नाही का हो तुम्हाला?" आणि खडू द्यायला बाईंनी हात पुढे केला, तर त्यांच्याच बाहीतून गोगलगाय डोकावली! चोरावर मोर! दोघांनी आपापल्या बाह्या खाली ओढल्या आणि पुढच्या शनिवारी दोघं एकत्रच जिना उतरून आले.

हे सगळं वैभव मावशी रोज पाठीमागे ठेवून उभी असायची. सकाळी झाडलोट करताना रिकामा हॉल तिने पाहिलेला होता, खुर्च्या उलट्या टाकलेल्या. पण भरलेल्या, उजळलेल्या हॉलमध्ये ती एकदाही गेली नाही. गल्लीच्या कोपऱ्यावर छत्र्या दुरुस्त करणारा एकजण होता. तो दर शनिवारी यायचा, हात पुढे करायचा आणि शिक्का मारून झाला तरी मागे घ्यायचा नाही.

"बाईसाहेब, येताय का? एकच नाच."

"आणि दार कोण सांभाळणार?" मावशी म्हणायची.

तो मान डोलवून आत जायचा. पुढच्या शनिवारी पुन्हा तेच. थट्टा वाटायची आधी. पण मावशीचा तळहात मला पाठ होता. तो विचारायचा तेव्हा माझ्या मुठीभोवतीची तिची बोटं घट्ट व्हायची. तिला जायचं होतं हो! खूप जायचं होतं. तिच्या मनगटाची नाडी मात्र मी कधी ऐकली नव्हती, कारण सगळ्या जगाला शिक्का मारणाऱ्या बाईला शिक्का मारणार कोण?

तिची लेक कोटांच्या मागे, दोन खुर्च्या जोडून झोपायची. ती पोर मला पाण्यात पाहायची. एकदा तर तिने मला खरोखरच पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवलं, म्हणजे आईला काम करता येणार नाही! मावशी रागावली नाही. मला पदराने पुसलं आणि म्हणाली, "अगं, हे दार आहे म्हणून आपलं घर आहे."

"तुला माझ्यापेक्षा दारच लाडकं," लेक म्हणाली आणि तोंड फिरवून झोपली. ते मावशीला फार लागलं. त्या रात्री पहिल्यांदाच तिने माझे ठसे वाकडे मारले.

मग दिवस पालटले. आधी मासा दिसेनासा झाला. मला वाटलं, दुखण्याबिखण्याने बसला असेल घरी. पण तो आलाच नाही. धक्क्याजवळ गोदाम झालं म्हणे. मग चांदणी गेली. सिनेमाघरच गेलं, तर गच्ची कुठली राहणार? किल्लीच्या जागी बँक आली. आजीबाईंचा पियानो जिन्यातून खाली उतरेना, म्हणून त्याचे पाय कापून नेला, असं पाववाल्याने सांगितलं आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. हा हा म्हणता मनगटं रिकामी झाली. त्या मोठ्या, उघड्या कातडीवर मी एकटाच उमटत होतो आणि मला भीती वाटायला लागली.

आमचाही शेवटचा शनिवार आला. गादीवाल्याने इमारत विकली होती. त्या दिवशी जिन्यावर पाय ठेवायला जागा नव्हती, सगळं शहर लोटलं होतं. छत्रीवाल्याने विचारलंच.

"अहो, आज तरी नका विचारू," मावशी म्हणाली. "आज एवढी गर्दी. दार कोण सांभाळणार?"

तो मान डोलवून आत गेला. शेवटचा माणूस बाहेर पडेपर्यंत मावशी जागची हलली नाही, आणि तो बाहेर पडला तेव्हा आतले दिवे मालवले गेले होते. हाताच्या सवयीने तिने मला खणात ठेवलं, खण लावला आणि गेली. मला घरी न्यायचं राहूनच गेलं.

खणात किती वर्षं गेली, कोण मोजतंय? माझी शाई वाळली, रबर कडक झालं. ठेका नाही, टेबलाची थरथर नाही. आपल्याला जग विसरलं, असं धरूनच मी पडून होतो.

एका दुपारी खण उघडला. बॅटरीचा उजेड माझ्या तोंडावर पडला. समोर एक बाई उभी होती, डोक्यावर टोपी, कमरेला पक्कड. तिने मला उचललं आणि त्या बोटांवरूनच मी ओळखलं. बादलीत बुडवणारी हीच ती! मावशीची लेक आता वीज कंपनीत वायरमन झाली होती. दुसऱ्या दिवशी इमारत पाडायची होती आणि त्याआधी वीज तोडायचं काम तिच्याकडे आलं होतं. ती मला हातात घेऊन पायरीवर बसली. मग तिने फोन लावला.

"आई, काय करतेस?"

"कपड्यांच्या घड्या. का गं?"

"मी तळघरात आहे. उद्या पाडतायत. लाइन मीच तोडणार, पण अजून तोडलेली नाही. तू ये."

"आता येऊन काय करू? गुडघे बोलतात माझे."

"बोलू देत. तू ये म्हणते ना!"

मावशी आली. केस पांढरे, चाल माझ्या चित्रातल्यासारखी. मागून तिची पिशवी धरून छत्रीवाला उतरत होता. त्याचं दुकान अजून कोपऱ्यावरच होतं, त्याला चुकवून ती येणार कशी? हातात त्याने छत्री घेतली होती, आता काठीसारखी टेकवायला. मावशीने टेबलावरची धूळ पदराने झटकली, टेबल सरळ केलं आणि पडद्याकडे पाठ करून आपल्या जागेवर उभी राहिली. पडद्याच्या चिंध्या झाल्या होत्या, दार बिजागरीतून निखळलं होतं, तरी ती उभी राहिली.

छत्रीवाल्याने घसा खाकरला. हात पुढे केला.

"बाईसाहेब, येताय का? एकच नाच."

"आणि दार कोण सांभाळणार?"

तोंडातून निघून गेलं आणि मग तिचं तिलाच ऐकू आलं. तिने तोंडावर हात ठेवला. कुणी हसलं नाही.

"मी," लेक म्हणाली.

"तू?"

"हो, मी. आयुष्यभर तू सांभाळलंस, माझ्यासाठी. मला कळायला उशीर झाला गं. आता जा आत. दार मी बघते."

शाईची गादी दगड झाली होती. तारांवर खुणा करायचं मार्कर लेकीने माझ्या तोंडावर फिरवलं, आईचा हात उलटा केला आणि मला त्या मनगटावर टेकवलं. मित्रांनो, मी मोजता येणार नाहीत इतक्या नाड्या ऐकल्या. पण ही! ही भीत होती, थरथरत होती, आणि तरीही लहान मुलीसारखी पळत होती. माझं रबर फुटेल की काय, असं वाटलं मला. गोगलगाय जरा अर्धवटच उमटली, पण उमटली.

"शिक्का आहे तोवर परत यायचं," लेक म्हणाली.

सवयीने मावशीने मला तिच्या हातातून काढून घेतलं आणि मुठीत धरूनच ती पडद्याआड गेली. असा मी पहिल्यांदा आत गेलो.

अहो, एवढीशी खोली! तुमच्या शाळेच्या वर्गाएवढी. कुठलं आभाळ आणि कुठलं काय. मी वेड्यासारखा बघत राहिलो. या एवढ्याशा जागेत ती सगळी माणसं मावली? पाववाला, नर्स, मास्तर, ती सगळी दमणूक, ते सगळं हसू? मधली फरशी पावलांनी झिजून खोलगट झाली होती. खांबाला माणसांच्या उंचीपर्यंत तकाकी होती, टेकलेल्या पाठींची. आभाळ पाहून मी इतका थक्क झालो नसतो.

लेकीने बाहेरून बटण दाबलं. छताला उरलेला एकच लाल दिवा लागला. वाद्यं नव्हती, काही नव्हतं. छत्रीवाल्याने छत्रीचं टोक फरशीवर आपटायला सुरुवात केली, ठक, ठक-ठक, ठक. मावशीने कान टवकारले. तिला गाण्यांचे शब्द कधी ऐकूच आले नव्हते, पडद्यातून फक्त ठेके पोचायचे.

"अगबाई, हे तर शेवटचं गाणं! हे लागलं की मी कोट काढून ठेवायला लागायची."

"आज कोट नाहीत," छत्रीवाला म्हणाला.

आणि ती नाचली. गुडघे बोलत होते, तो छत्रीवर रेलत होता, दोघांचे पाय एकमेकांत अडकत होते आणि मावशी हसत होती. तिच्या मुठीत मी होतो. पुढे मला काय दिसलं ते विचारू नका. मला फक्त तिची नाडी ऐकू येत होती, आणि ती अगदी त्या सगळ्यांसारखीच नवी झाली होती.

बाहेर आल्यावर मावशीने नियमाप्रमाणे मनगट लेकीपुढे धरलं. लेकीने ते नीट निरखलं, डोळे पुसले आणि मग वळून मेन स्विच खाली ओढला.

मी आता मावशीच्या घरी असतो, दाराजवळच्या फळीवर. शनिवारी संध्याकाळी खालून छत्रीची ठकठक ऐकू येते. मग लेक आईच्या मनगटावर मला टेकवते आणि आई जिना उतरते, हळूहळू, उड्या मारल्यासारखी.

मित्रांनो, शहरं बदलतात, क्लब जातात, शिक्के झिजतात. त्याबद्दल माझी तक्रार नाही. मागणं एवढंच आहे. तुमच्याही घरात कुणीतरी असेल, सगळ्यांना आत सोडून स्वतः दारात उभं राहिलेलं. त्याची पाठ तुम्ही रोज बघत असाल. आज त्याच्याजवळ जा, त्याचा हात हातात घ्या आणि म्हणा, "जा तू आत. दार मी बघतो."