जुर्रत

सायकलवरून पडून श्रावण कोष्ट्याचा पाय मोडला आणि सक्करदऱ्यातल्या त्याच्या घरचा माग अर्ध्या लुगड्यावर थांबला. थोरला भाऊ रुपराव म्हणाला, बंद माग घराला खातो, मी ताण्यासकट माझ्याकडे नेतो. श्रावणनं मान डोलावली. त्याच्या बायकोला, वच्छलाबाईला, कुणी विचारलंच नाही. एकदा गेलेला माग परत येत नसतो, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

त्या आळीत बायांनी चरख्यावर धोट्यासाठी सुताच्या कांड्या भराव्या, सुताच्या पाजणीची पेज शिजवावी. पण मागाच्या खड्ड्यात उतरून पावडीवर पाय देऊन विणू नये. लक्ष्मीला लाथ लागते म्हणत. वच्छलाबाईनं सकाळी दिवा लावला, पदर खोचला आणि उतरली. आधी धोटा अडखळला, धागे तुटले, तिनं गाठी मारल्या. मग पाण्याला उतार सापडावा तसा धोटा धावू लागला.

दुपारी रुपराव गाडी जुंपून आला आणि दारातच थबकला.

"खड्ड्यात उतराची तुयी जुर्रत कशी झाली वं?"

जुर्रत. जन्मभर ऐकलेला शब्द. मालगुजार कुळाला म्हणे, फौजदार हमालाला, सासू सुनेला. मालगुजारी गेली, शब्द राहिला. पावसासारखा तो वरून खालीच पडे. याच श्रावणनं पैजेखातर भरल्या नागनदीत उडी घेतली, तेव्हा त्या मूर्खपणाला आळीनं हिंमत म्हटलं होतं, नारळ फोडला होता. ती घरच्या मागावर बसली, तर जुर्रत.

रुपरावनं मागाच्या फणीला हात घातला. या दिरापुढे ती आजवर पदर ओढल्याशिवाय उभी राहिली नव्हती, बोलणं तर दूरच. आज तिनं पदर सावरलाही नाही.

"भाऊजी, माया मागाले हात लावाची तुमची जुर्रत कशी झाली?"

रुपरावनं फणी सोडली. "सांग गा तुया बायकोले," तो भावाला म्हणाला. श्रावण खाटेवर खाली मान घालून बसला होता. गाडी रिकामी वळली, पण आळीभर बोंब मारत वळली.

धोट्यातली कांडी संपली तशी वच्छलाबाई नवऱ्याला म्हणाली, पाय मोडला आहे, हात धड आहेत. कांड्या तुम्ही भरा.

श्रावण पुटपुटला, "भरतो. पण आधी दार लाव. लोक पाहून राहिले."

ती खड्ड्यातून वर आली, चरखा त्याच्या पुढ्यात आदळला आणि दाराची मिटलेली दुसरी फळीही सताड उघडली.

"आता भरा."