तळाची काळी थाळी

पोहण्याच्या तलावाच्या तळाशी, सर्वांत खोल जागी, एक काळी थाळी ठेवलेली असे. पाण्याची निगा बाबांकडे, जीवरक्षक त्यांची मुलगी. सकाळी दार उघडण्याआधी ती आपल्या उंच खुर्चीवर चढायची, वाकून पाहायची आणि म्हणायची, "दिसली, बाबा." मग बाबा किल्ली फिरवायचे. थाळी दिसली नाही, तर त्या दिवशी पाण्यात कुणी उतरायचं नाही. हा नियम बाबांनीच घातलेला.

त्या सकाळी पाणी दुधाळ झालं होतं. आदल्या संध्याकाळी बाबांनी पाण्यात तुरटी फिरवली होती. तुरटी घातली की पंप बंद ठेवायचा, गाळ निवांत खाली बसू द्यायचा. पण घरी जाताना हात सवयीने बटणावर गेला आणि पंपाने रात्रभर सगळं घुसळून काढलं. चालू पंप पाहताच बाबांना आपली चूक कळली.

व्यवस्थापक म्हणजे त्यांचा मेहुणा. नोकरी त्यानेच लावून दिलेली, आणि दिवसातून एकदा तरी तो ते ऐकवायचा.

"दाजी, मागच्या महिन्यात तलाव बंद ठेवायला लावलात, आज पुन्हा? या वेळी मी झाकून घेणार नाही. ताईलाही तसं सांगून ठेवलंय."

"पाणी जरा गढूळ आहे, इतकंच."

"मग उघडा की. लोक पोहायला येतात, तळ बघायला नाही."

वरून मुलगी म्हणाली, "मामा, थाळी दिसत नाहीये."

मेहुण्याने बाबांकडे पाहिलं. बाबांनी पाण्यात पाहिल्यासारखं केलं.

"दिसतेय की," ते म्हणाले. "निदान काठ तरी. उन्हाने डोळे दिपलेत तुझे."

तिने पुन्हा निरखलं. पाण्याच्या बाबतीत बाबांचा शब्द आजवर खोटा पडला नव्हता. "हो," ती पुटपुटली, "दिसतेय वाटतं."

दुपारी सगळे निघून गेल्यावर काठावर चपलांचा एक जोड उरला. रोज पोहायला येणाऱ्या, पोस्टातून निवृत्त झालेल्या बाईंचा. टाचा झिजलेला, नीट जुळवून ठेवलेला. कपडे बदलायच्या खोलीत कुणी नव्हतं. मुलीने तशीच उडी घेतली आणि पांढऱ्या पाण्यात हातांनी चाचपत राहिली. दोनदा रिकामी वर आली. तिसऱ्यांदा ती एकटी नव्हती.

संध्याकाळी बाबांनी पंप बंद केला. या वेळी विसरले नाहीत.

दुसऱ्या दिवशी बाईंच्या मृत्यूच्या चौकशीला अधिकारी आले, तोवर गाळ बसला होता आणि पाणी काचेसारखं झालं होतं.

"कालही असंच होतं?"

"रोज असंच असतं, साहेब," मेहुणा म्हणाला.

"खुर्चीवर कोण होतं?"

"मी," मुलगी म्हणाली.

"तळ दिसत होता?"

तिने बापाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. बाबांनी तोंड उघडलं. मेहुणा हळूच खाकरला. बाबांनी नजर पाण्याकडे वळवली.

"हो," ती म्हणाली. "थाळी दिसत होती."

"मग तळाशी एवढं मोठं माणूस तुम्हाला दिसलं कसं नाही?"

खाली, गाळाच्या पातळ थरातून, थाळीचा काठ अगदी स्पष्ट दिसत होता. बाबा तिथेच बघत उभे राहिले.